मुंबईचा कचरा: मिसळण्याची किंमत कोणी मोजावी?

विक्रोळीकर

कांजूरमार्गच्या डंपिंगचा वास विक्रोळी, कन्नमवार नगर, भांडुप आणि मुलुंडच्या रहिवाशांना नवा नाही. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तेथील जमीन संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला, काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि तेव्हापासून आमच्याकडची सगळी चर्चा डंपिंग जाणार की राहणार याच प्रश्नाभोवती फिरते आहे. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु आज कांजूरला येणारा कचरा उद्या शहराबाहेर कोठे नेला, तर आमच्या घरातला वास दुसऱ्यांच्या घरात जाईल, यापलीकडे फारसे काही बदलणार नाही. म्हणून त्याच्या आधीचा प्रश्न येथे मांडतो.

मुंबईत रोज साडेसहा ते सात हजार टन कचरा जमा होतो. वजनाने पाहिले तर त्यातला सर्वांत मोठा वाटा स्वयंपाकघरांतून, हॉटेलांतून आणि मंडयांतून येणाऱ्या ओल्या कचऱ्याचा आहे, ज्याचे खत होते किंवा ज्यापासून जळाऊ वायू मिळतो. उरलेल्यात कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच आणि पत्रा असतो, आणि यातल्या बहुतेक वस्तूंना याच शहरात गिऱ्हाईक आहे. दोन्ही वेगळे असेपर्यंत दोन्हींना मोल असते. एका पिशवीत गेले की आमटीने भिजलेला पुठ्ठा रद्दीवाला घेत नाही, आणि ज्या भाजीच्या देठांत बॅटऱ्या व काचेचे तुकडे पडले आहेत त्यांचे खत कोणताही शेतकरी शेतात टाकत नाही.

या मिसळण्याचा खर्च किती येतो, याचा अंदाज मुलुंडवरून बांधता येतो. मुलुंडचे २४ हेक्टरांचे डंपिंग २०१८ मध्ये बंद झाले. तेथे साठलेला सुमारे ७० लाख टन जुना कचरा खणून, चाळून वेगळा करण्याचे कंत्राट ७३१ कोटी रुपयांचे होते. भागाकार केला तर टनाला हजार रुपयांहून थोडे अधिक पडतात. घरातल्या दोन डब्यांत होऊ शकणारे काम आपण काही दशकांनंतर, टनाला हजार रुपये मोजून करून घेतो आहोत. शिवाय तेव्हा हाती येते ती माती, आणि सिमेंटच्या भट्टीत जाळण्यापुरत्या चिंध्या व प्लास्टिक. पुठ्ठ्यापासून पुन्हा पुठ्ठा किंवा बाटलीपासून पुन्हा बाटली व्हावी, अशी स्थिती तोवर राहिलेली नसते.

माझे म्हणणे असे आहे की आपले कचराधोरण अजूनही उचलणे आणि वाहून नेणे यांभोवती आखलेले आहे. जो कचरा वेगळा ठेवतो त्याचे काही वाचत नाही आणि जो मिसळतो त्याचे काही जात नाही. मिसळल्यामुळे झालेले नुकसान मात्र पुढे कोणाच्या तरी पदरात पडते. हा खर्च साखळीत नेमका कोठे टाकावा, यावर या क्षेत्रातल्या जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

जुना_अभियंता

घनकचऱ्याच्या कामाशी संबंधित नोकरीत माझी बरीच वर्षे गेली, म्हणून काही गोष्टी क्रमाने सांगतो.

वर्गीकरणाचा कायदा नवा नाही. २००० च्या नियमांतही ते होते, आणि २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे ठेवणे नागरिकांवर बंधनकारक केले. त्याच वर्षी जानेवारीत देवनारच्या डंपिंगला लागलेली आग अनेकांना आठवत असेल. १९२७ पासून वापरात असलेल्या त्या ढिगाऱ्यात दडपलेला ओला कचरा हवेअभावी कुजून मिथेन तयार होतो, आणि शेजारीच प्लास्टिक, कापड आणि कागद असल्यामुळे एकदा पेट घेतला की तो आतून धुमसत राहतो. म्हणजे ती आगसुद्धा मिसळण्याचाच परिणाम होती. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने कचऱ्याची शास्त्रीय व्यवस्था होईपर्यंत शहरात नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली, आणि ती २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त शिथिल केली. याच काळात, २०१७ मध्ये, ज्यांचे क्षेत्र २० हजार चौरस मीटरहून अधिक आहे किंवा ज्यांचा कचरा रोज १०० किलोंहून अधिक आहे अशा सोसायट्यांनी आणि आस्थापनांनी ओला कचरा आपल्या आवारातच जिरवावा, असे महापालिकेने फर्मावले.

हा निर्णय योग्य होता, असे मला आजही वाटते, कारण ओला कचरा जड असतो आणि तो दूर नेण्यात डिझेल, रस्ता आणि जागा तिन्ही खर्च होतात. परंतु अनेक सोसायट्यांनी नोटीस आली म्हणून ओला कचरा जिरवणारे यंत्र घेतले आणि ते रोज चालवणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद मेंटेनन्समध्ये केलीच नाही.

आता विक्रोळीकरांच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. कंत्राटात काय मोजले जाते, तेथून सुरुवात करावी. वाहतुकीचे पैसे टनावर दिले जात असतील, तर कचरा कमी व्हावा असे कंत्राटदाराला वाटण्याचे काहीच कारण नाही. उलट गाडीत पाणी असले, राडारोडा असला, तरी त्याचे वजनच भरते. त्याऐवजी सुका कचरा किती स्वच्छ आला आणि ओल्यात प्लास्टिक किती कमी सापडले, यावर पैशाचा काही भाग बांधला, तर तोच कंत्राटदार सोसायटीच्या दारात उभा राहून डबे तपासू लागेल. कचऱ्यापासून वीज करण्याच्या प्रकल्पांनाही हेच लागू आहे. देवनारच्या प्रकल्पाची क्षमता रोज ६०० टनांची ठरली आहे; मात्र ज्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक वजन पाण्याने भरलेल्या अन्नाचे असते, तो जाळताना उष्णतेचा मोठा भाग ते पाणी वाळवण्यातच जातो.

शंकासुर

आपण दोघांनी लिहिलेले पटले, तरी एक अडचण मांडतो. आमच्या इमारतीत दोन डबे आहेत, लोक बऱ्यापैकी नियमाने वेगळे टाकतात, आणि सकाळी येणारी गाडी दोन्ही डबे एकाच पोटात ओतून निघून जाते. हे ज्यांनी गच्चीतून पाहिले आहे, त्यांना पुन्हा दोन डबे ठेवायला सांगण्याचे धैर्य आमच्या समितीत कोणाकडेही उरलेले नाही. आधी महापालिकेने आपली बाजू सुधारावी आणि मग नागरिकांकडे बोट दाखवावे, असे मला वाटते.

जुना_अभियंता

आपली तक्रार रास्त आहे आणि ती फक्त आपल्या इमारतीची नाही. यावर उपाय असा की सुक्या कचऱ्यासाठी वेगळी गाडी आणि वेगळे वार ठरवावेत. सुका कचरा सडत नाही, त्यामुळे तो रोज उचलण्याची गरजच नसते; आठवड्यातून दोनदा गाडी आली तरी पुरते. रोजच्या गाडीत सुका कचरा घ्यायचाच नाही, असा दंडक असला, तर दोन डबे एकत्र ओतण्याचा प्रश्न उद्भवत नाही. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये नव्वदच्या दशकात रहिवाशांनी संघटित होऊन ज्या पद्धतीने कचरा वेगळा केला आणि ज्यातून पुढे शहरभर एएलएमची, म्हणजे रहिवाशांनी महापालिकेच्या साथीने आपला परिसर सांभाळण्याची, कल्पना पसरली, तेथेही लोकांचा विश्वास टिकला तो वेगळा केलेला माल खरोखर वेगळ्या वाटेने जाताना दिसला म्हणून.

मृण्मयी

या सगळ्या चर्चेत एक व्यक्ती अजून आलेली नाही, आणि ती म्हणजे कचरावेचक बाई. मिसळण्याचे जे नुकसान कोणाच्या तरी पदरात पडते असे विक्रोळीकर म्हणतात, ते प्रत्यक्षात तिच्या पदरात पडते. ओल्या कचऱ्यात हात घालून ती प्लास्टिक वेगळे करते, तेव्हा काचेने कापलेला हात, डायपर आणि सॅनिटरी पॅडांची घाण, आणि घाणीमुळे भंगारवाल्याने पाडलेला भाव, हे तिन्ही तीच सोसते. तिने वेचलेला माल पुढे कारखान्यात जातो आणि शहराचे वाहतुकीचे व जागेचे पैसे वाचतात. या बचतीतला एक रुपयाही तिच्याकडे येत नाही.

१९७५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने या महिलांना 'परिसर विकास' या उपक्रमातून संघटित केले, खत करण्याचे आणि वर्गीकरणाचे प्रशिक्षण दिले आणि सोसायट्यांची कामे मिळवून दिली. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, आणि तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. तेथे कचरा घरोघरी जाऊन ती बाईच गोळा करते, घरटी ठरलेले मासिक शुल्क तिला मिळते आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसेही तिचेच असतात. यामुळे दारात डबा घेताना 'ताई, हे वेगळे करून द्या' असे सांगण्यात तिचा स्वतःचा फायदा असतो, आणि तिचे सांगणे कोणत्याही फलकापेक्षा जास्त ऐकले जाते.

मुंबईत उलटे घडले. २०१६ च्या आगीनंतर देवनारमध्ये कचरावेचकांचा प्रवेश रोखला गेला. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे असले, तरी ज्यांचे पोट त्यावर होते त्यांना शहराच्या वर्गीकरण केंद्रांत काम देण्याची जबाबदारीही त्याच वेळी कोणीतरी घ्यायला हवी होती. २०१६ च्या नियमांनीच कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले होते. म्हणून माझी विनंती अशी की खर्च कोणावर टाकावा हे ठरवताना, वाचलेला पैसा कोणाला द्यावा हेही त्याच वाक्यात ठरवले जावे.

तेराकंपाऊंड

आमच्या कुटुंबाचा धारावीच्या तेरा कंपाऊंडमध्ये प्लास्टिकचा गाळा आहे, त्यामुळे मृण्मयीताईंनी जो माल सांगितला तो पुढे कोठे जातो, हे लिहितो.

आमच्याकडे येणारा माल आधी हाताने निवडला जातो. पाण्याची बाटली वेगळी, शाम्पूची बाटली आणि तेलाचा कॅन वेगळा, जेवणाचे डबे आणि बादल्या वेगळ्या, दुधाची पिशवी वेगळी, आणि या प्रत्येकात पुन्हा रंग वेगळे. पारदर्शक मालाला सर्वांत चांगला भाव असतो, रंगीत त्याखाली, आणि काळा सर्वांत शेवटी, कारण काळ्यापासून दुसरा रंग करता येत नाही. निवडलेल्या मालाचे तुकडे करतात, ते धुतात, वाळवतात, वितळवतात आणि त्यांचा दाणा पाडतात, जो पुढे बादल्या, पाइप, खुर्च्या करणारे घेतात. धुताना पाण्यात काही प्लास्टिक तरंगते आणि काही बुडते, त्यावरूनही शेवटची निवड होते. बाटल्यांच्या चुऱ्यात थोडे जरी पीव्हीसी राहिले तरी वितळवताना सगळा घाणा बिघडतो.

हे एवढ्यासाठी सांगतो की खरकटे लागलेला माल आम्ही घेतला, तर त्याला गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा लागतो, वाळवायला वेळ लागतो, आणि शंभर किलोंतून विकण्याजोगा माल कमी निघतो. हा सगळा फरक आम्ही खरेदीच्या भावातून वजा करतो. आमच्याही वरच्या गिऱ्हाईकाने भाव वजा केलेला असतो. त्यामुळे घरात डबा न धुता टाकला की त्याची किंमत शेवटी कचरा वेचणाऱ्यापर्यंत उतरत जाते, हे ताईंचे म्हणणे आमच्या काट्यावर रोज खरे ठरते.

दुसरी गोष्ट खनिज तेलाची. तेल स्वस्त झाले की नवा दाणाही स्वस्त होतो, आणि मग आमचा दाणा कोणी विचारत नाही. अशा काळात भंगारवाले हलका माल घेणेच बंद करतात आणि तोच माल नाल्यात किंवा डंपिंगवर जातो. लोकांची सवय तीच असते, डबे तेच असतात, केवळ बाजार बदललेला असतो. यासाठी मला फेब्रुवारी २०२२ चे केंद्राचे उत्पादक-जबाबदारीचे नियम महत्त्वाचे वाटतात. त्यांनुसार कडक प्लास्टिकच्या वेष्टनात २०२५-२६ पासून ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के पुनर्वापर केलेले प्लास्टिक वापरणे उत्पादकांना बंधनकारक आहे. ही सक्ती खरोखर पाळली गेली, तर तेलाचा भाव काहीही असो, आमच्या दाण्याला कायमचे गिऱ्हाईक राहील. मात्र हे प्रमाणपत्रांच्या कागदावर भागवले गेले आणि नोंदणीची कटकट झेपत नाही म्हणून छोटे गाळे बाहेर राहिले, तर फायदा मोठ्या कारखान्यांपुरता उरेल. पुनर्विकासात आमची जागा कोठे असेल, हाही प्रश्न आहे. ज्या गाळ्यांत हे काम होते ते शहरापासून दूर गेले, तर प्रत्येक गोणीवर टेम्पोचे भाडे चढेल.

चिप्स आणि बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांबद्दल विचारू नये, इतके ते अवघड आहे. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांवर चिकटवलेले असल्यामुळे ते आमच्या पद्धतीने वेगळे होतच नाहीत. तेथे जबाबदारी डब्यात टाकणाऱ्याची नसून वेष्टन बनवणाऱ्याचीच आहे.

स्टुटगार्टहून

मी काही वर्षांपासून जर्मनीत आहे. येथील दोन निर्णय चर्चेला उपयोगी पडतील. २००३ पासून पेयांच्या एकदा वापरायच्या बाटल्या व डब्यांवर अनामत घेतली जाते, जी आता २५ सेंट आहे आणि दुकानातल्या यंत्रात बाटली परत केली की मिळते. दुसरे, २००५ पासून प्रक्रिया न केलेला घरगुती कचरा जमिनीत पुरण्यास बंदी आहे. दक्षिण कोरियाने तर १९९५ मध्येच सशुल्क पिशव्यांची पद्धत आणली, म्हणजे जितका कचरा तितके पैसे. २००५ मध्ये अन्नकचरा थेट पुरणे बंद केले, आणि पुढे अन्नकचऱ्यालाही प्रमाणानुसार शुल्क लावले. अशा ठिकाणी शुल्क प्रमाणाशी जोडलेले असते, आणि मला वाटते विक्रोळीकर तेच शोधत आहेत.

शंकासुर

अनामतीबद्दल आठवण करून देतो की महाराष्ट्राने हे आधीच लिहून ठेवले आहे. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैशांची परतखरेदी किंमत छापण्याची तरतूद होती. आमच्या दूधवाल्याकडून ते ५० पैसे परत घेतलेले घर माझ्या ओळखीत नाही.

आणि शुल्काचे म्हणाल, तर महापालिकेने २०२५ मध्ये मांडलेल्या उपविधींच्या मसुद्यात घराच्या क्षेत्रफळावर दर ठरवले होते: ५० चौरस मीटरपर्यंत महिना १०० रुपये, ३०० पर्यंत ५००, त्यापुढे १०००. यात कचरा वेगळा करणारा आणि न करणारा दोघेही सारखेच भरतात. मला पैसे देण्याबद्दल आक्षेप नाही. माझ्या वागण्याने त्यात काहीच फरक पडू नये, याला आहे.

विक्रोळीकर

शंकासुर, तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या मते या धाग्याचा गाभा तोच आहे. मुंबईत प्रत्येक घराचा कचरा तोलणे अवघड आहे, कारण आपल्याकडे चाळी आहेत, झोपडपट्ट्या आहेत आणि एकेका दारातून शंभर घरांचे डबे बाहेर पडतात. परंतु इमारत हे एकक धरता येईल. ज्या इमारतीचा ओला आणि सुका कचरा वेगळा मिळाला तिला शुल्क जवळपास नाही, जिचा मिसळलेला मिळाला तिला पूर्ण, आणि ही नोंद रोज गाडीवरच्या कामगाराने करायची. वस्त्यांमध्ये शुल्क नसावे. तेथे आधी नियमित गाडी पोहोचली पाहिजे. जमलेले शुल्क महापालिकेच्या सामान्य तिजोरीत न जाता वर्गीकरण करणाऱ्या महिलांच्या मजुरीला आणि त्याच वॉर्डातल्या सुका कचरा केंद्राला मिळावे. एवढे झाले तर मृण्मयींचा, जुन्या अभियंत्यांचा आणि तुमचा मुद्दा एकाच ठिकाणी सांधला जाईल.

वास्तुरंग

थोडे विषयाच्या कडेने. उपनगरांत पुनर्विकास जोरात आहे, आणि एक जुनी इमारत पाडली की निघणारा राडारोडा तिच्या रहिवाशांच्या अनेक वर्षांच्या घरकचऱ्याहून जड असतो. दहिसर आणि शिळफाटा येथे प्रत्येकी ६०० टन क्षमतेची राडारोडा प्रक्रिया केंद्रे झाली आहेत, तेथे दगड-विटांपासून वाळू, पेव्हर ब्लॉक आणि रस्त्याच्या कडेचे ठोकळे होऊ शकतात. पण ते वापरायचे कोणी? महापालिकेच्या आणि शासनाच्या प्रत्येक रस्त्याच्या व पदपथाच्या निविदेत अशा साहित्याचे ठरावीक प्रमाण सक्तीचे करावे. खरेदीदार स्वतः शासन असताना बाजार नसल्याची तक्रार टिकत नाही, आणि कांदळवनांत रात्री रिकामे होणारे डंपरही त्यामुळे कमी होतील. पाडकामाआधी दारे, खिडक्या, लोखंड आणि लाद्या काढून घेणारे लोक आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. त्यांना कामाला पुरेसा अवधी मिळेल, असे वेळापत्रक विकासकाने द्यावे, एवढेच सुचवतो.

रेघ

मी गिरगावातल्या जुन्या इमारतीत राहते. आमच्याकडे आवार नाही, गच्ची कमकुवत आहे आणि रहिवासी वयस्कर आहेत. ओला कचरा जिरवण्यासाठी आम्ही काय करावे? यंत्र घ्यावे का?

जुना_अभियंता

यंत्राची घाई करू नका. विजेवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांतून चोवीस तासांत जे बाहेर येते ते खत नसते, ते वाळवून भुगा केलेले अन्न असते, आणि त्याला पुढे काही आठवडे मुरायला जागा लागतेच, जी तुमच्याकडे नाही. तुमच्यासारख्या दाट वस्तीला वॉर्ड पातळीवरचा वायुप्रकल्प (बायोगॅस) जास्त योग्य आहे. हाजी अली येथे केशवराव खाड्ये मार्गावर २०२२ मध्ये असा प्रकल्प सुरू झाला. तो हॉटेलांतल्या अन्नकचऱ्यापासून वीज करतो आणि तेथे विजेवरची वाहने चार्ज होतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला निसर्गऋण प्रकल्पही याच कामाचा आहे. त्यात अन्न वाटून गरम पाण्यासह आधी हवेच्या सान्निध्यात आणि मग हवेविना कुजवतात. या प्रकल्पांची अट एकच असते आणि ती कडक असते: करवंट्या, हाडे, अंड्यांची टरफले आणि प्लास्टिक आत जाता कामा नये, अन्यथा यंत्र अडते किंवा जिवाणूंची प्रक्रिया मंदावते.

तुमच्या गल्लीतल्या चार-पाच इमारतींनी मिळून वॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा आणि त्यात ओला कचरा रोज किती किलो निघतो, तो कोणत्या वेळी खाली आणता येईल आणि करवंट्या वेगळ्या ठेवल्या जातील की नाही, हे लिहावे. साधा वजनकाटा घेऊन एक आठवडा नोंद ठेवली तरी पुरेल. अर्जाचा मसुदा हवा असेल तर मी या धाग्यावरच टाकतो.